डॉक्टरांची चिठ्ठी आणि हिज्कीयाचं पत्र

आदरणीय ताई, प्रभूमध्ये सलाम.

माझं वय 47. आम्ही नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मिस्टर एमआयडीसीत सुपरवायझर होते. नाताळच्या आधी कंपनीने बऱ्याच जणांना कमी केलं, त्यात तेही आले. घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे. मुलगी पुण्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा बारावीत. मिस्टर घरात फारसं बोलत नाहीत. मला तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते ती येतेच. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, डोक्यात हिशेब सुरू होतात. ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला चिठ्ठी दिली, ती मी बायबलमध्ये ठेवून दिली आहे. महिला संघात प्रार्थनेसाठी विषय मांडला, तर एका ज्येष्ठ भगिनींनी फिलिप्पैकरांस 4:6 वाचून दाखवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘चिंता करणं म्हणजे देवाला खोटं ठरवणं.’ आता कोणी विचारलं की मी ‘प्रभूची कृपा आहे’ एवढंच सांगते. ताई, माझा विश्वास कमी पडतोय का? आणि गोळ्या सुरू केल्या तर देवावरचा भरवसा सोडला असं होईल का?

– एक भगिनी

*

सलाम.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. विश्वास कमी पडलेला नाही. आणि गोळ्यांनी भरवसा सुटत नाही. ती चिठ्ठी बायबलमधून काढा आणि पर्समध्ये ठेवा, कारण ती याच आठवड्यात लागणार आहे.

आता त्या वचनाबद्दल. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.’ वचन आपल्या सगळ्यांचं पाठ आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरवरही असतं. त्या भगिनींचं चुकलं एवढंच की त्या सहाव्या ओवीला थांबल्या. तोच अध्याय दहा-बारा ओव्या पुढे वाचला असता, तर हे पत्र लिहिणारा पौल तिथे आभार मानताना दिसला असता, आणि तेही कशाबद्दल? फिलिप्पैच्या मंडळीने आपल्यातल्याच एपफ्रदीताच्या हाती जी मदत पाठवली तिच्याबद्दल. पौल बंदिवासात आहे, गरज आहे, आणि मंडळीने हात मोकळा सोडला आहे. माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे बरं केलंत, असं तो स्पष्ट लिहितो. म्हणजे ‘चिंता करू नका’ हे ज्या पत्रात लिहिलंय, त्याच पत्रात एकाच्या अडचणीत दुसऱ्याने खिशात हात घातल्याची पोचही आहे. सहावी ओवी वाचायची आणि चौदावी गाळायची, हे आपल्याकडे फार चालतं.

आणि पौलाला स्वतःला चिंता नव्हती का? करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात फटके, दगडमार, फुटलेली तारवं अशी सगळी यादी झाल्यावर शेवटी तो सांगतो की सर्व मंडळ्यांच्या चिंतेचा भार माझ्यावर रोजच्या रोज असतो. एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी गेला, तेव्हा दुःखावर दुःख होण्याची पाळी आली होती, हेही त्याने लपवलेलं नाही. त्याला कोणी सभेत उभं करून ‘तू देवाला खोटं ठरवतोस’ असं म्हणाल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

पण मला तुमच्याशी बोलायचं आहे ते हिज्कीयाबद्दल. 2 राजे, अध्याय 18 ते 20. आज दुपारी कामं आटोपली की सलग वाचा, अर्ध्या तासाचं काम आहे.

यहूदाच्या या राजाबद्दल शास्त्र म्हणतं की परमेश्वरावर त्याने जसा भाव ठेवला तसा यहूदाच्या राजांमध्ये त्याच्या आधी किंवा नंतर कोणी ठेवला नाही. भरवशाचं याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणत्याच राजाला मिळालेलं नाही. आता हा माणूस संकटात काय काय करतो ते बघा. ख्रिस्तपूर्व 701 च्या सुमारास अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. हिज्कीया घाबरला. ‘माझं चुकलं, तू मागशील ते देतो’ असा निरोप त्याने धाडला आणि तीनशे किक्कार चांदी व तीस किक्कार सोनं (किक्कार हे त्या काळचं मोठं वजन) भरायला कबूल झाला. तेवढं जमेना म्हणून मंदिराच्या दारांना त्याने स्वतःच मढवलेलं सोनं उचकटून काढलं. घरातले दागिने मोडून हप्ता भरतात ना, तसंच. एवढं करूनही सन्हेरीब मागे हटला नाही. मग हिज्कीयाने कपडे फाडले, गोणपाट नेसला, आणि यशया संदेष्ट्याकडे माणसं पाठवली. निरोप काय होता? मूल जन्माला यायची वेळ झाली आहे, पण बाळंत होण्याइतकी ताकदच उरलेली नाही.

भगिनी, तुम्ही महिला संघात जे मांडलंत ते याच जातीचं होतं. फरक एवढाच की यशयाने त्याला झापलं नाही. ‘भिऊ नकोस’ असा देवाचा निरोप त्याने उलट पाठवला.

याच गोष्टीत रब-शाके या हुद्द्याचा अश्शूरचा एक अधिकारी आहे. तो यरुशलेमेच्या तटासमोर उभा राहून लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांच्याच भाषेत ओरडतो : कसला हा तुझा भरवसा? कोणाच्या जिवावर उड्या मारतोस? हिज्कीयाच्या माणसांनी विनवलं, बाबा, अरामी भाषेत बोल, तटावरच्या लोकांना कळायला नको. त्याने मुद्दाम ऐकवलं. मी हा भाग वाचते तेव्हा मला पहाटेचे तीनच आठवतात. अंधारात आपल्याच भाषेत, आपल्याच आवाजात कोणीतरी म्हणतं : हप्ता कुठून भरणार? पोरीची फी? आणि शेवटी सगळ्यांत लागणारं वाक्य : तुझा विश्वासच कुठे आहे? ‘भरवसा आहे का तुझा?’ हा टोमणा त्या अध्यायात शत्रूच्या माणसाच्या तोंडी आहे, हे ध्यानात असू द्या. आणि हिज्कीयाने लोकांना काय बजावलं होतं? त्याला उत्तर देऊ नका. लोक गप्प राहिले. पहाटे तीनला त्या आवाजाशी वाद घालायचा नाही, हे मी तुम्हाला सल्ला म्हणून सांगते. त्या वेळी मांडलेला कोणताही हिशेब जुळत नाही.

मग सन्हेरीबाचं पत्र आलं. धमकीचं. या या देशांच्या देवांनी त्यांना वाचवलं नाही, तुझा काय वाचवणार, अशा मजकुराचं. हिज्कीयाने ते हातात घेतलं, वाचलं, मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे उघडून पसरलं. मग प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत तो ‘खरंच, परमेश्वरा, अश्शूरच्या राजांनी ती राष्ट्रं उजाड केली आहेत’ हे आधी कबूल करतो. पत्रातली जी माहिती खरी आहे तिला तो खोटं म्हणत नाही. आपल्या प्रार्थनांमध्ये नेमकी हीच जागा रिकामी राहते. ‘हे दयाळू स्वर्गीय पित्या, तू सर्व जाणतोस, सर्व ठीक करशील’ असं भराभर म्हणून आपण आमेनपर्यंत पोचतो, आणि पत्र मात्र घडी घालून कमरेला खोचलेलंच असतं. तुम्ही मला लिहिलेल्या कागदात मिस्टरांचा अबोला आहे, हप्ता आहे, फी आहे, छातीतली धडधड आहे, महिला संघातला अपमान आहे. हे सगळं याच शब्दांत देवाला सांगितलं आहे का? नसेल तर मला पाठवलेलं ते पत्र पुन्हा एकदा कागदावर उतरवा. खोलीचं दार लावून घ्या, कागद पलंगावर पसरा आणि त्याला वाचून दाखवा. सुंदर शब्द लागत नाहीत. रडू आलं तर येऊ दे. स्तोत्र 77 ज्याने लिहिलं त्यालाही झोप लागत नव्हती, आणि देव आपल्याला विसरला की काय असं त्याने थेट विचारलं आहे. ते स्तोत्र शास्त्रातून कोणी काढून टाकलेलं नाही.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. पत्र पसरणाऱ्या याच राजाने बोगदा खोदवला होता. 2 राजे 20:20 मध्ये ओझरता उल्लेख आहे, 2 इतिहास 32 मध्ये थोडा जास्त : गीहोनाच्या झऱ्याचं पाणी वळवून शहरात आणलं, म्हणजे वेढा पडला तरी लोक तहानेने मरणार नाहीत आणि शत्रूला बाहेर पाणी मिळणार नाही. तो बोगदा आजही यरुशलेमेत आहे, सुमारे 533 मीटर लांब, सगळा खडकातून. यात्रेकरू त्यातून गुडघाभर पाण्यात चालत जातात. 1880 मध्ये त्याच्या भिंतीवर एक जुना इब्री लेख सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. खोदणाऱ्यांच्या दोन टोळ्या दोन बाजूंनी आल्या, मध्ये थोडा खडक उरला असताना पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, आणि कुदळीला कुदळ भिडली, असं त्यात लिहिलंय. त्या लेखात राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. नुसतं कामाचं वर्णन. तरी ज्या माणसाच्या भरवशाची शास्त्र एवढी तारीफ करतं, त्याच्याच कारकिर्दीतलं हे काम आहे.

आपल्या मंडळ्यांमध्ये पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की ‘बाईंनी नुसती प्रार्थना केली आणि सगळं मिळालं’ असं सांगायची पद्धत आहे. प्रार्थना त्यांनी केलीच. पण त्यांनी अमेरिकेत गावोगाव भाषणं देऊन मदतही उभी केली, 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली आणल्या, केडगावला विहिरी खोदल्या, शेती लावली, छापखाना चालवला. केडगावच्या त्यांच्या ‘मुक्ती’ मिशनमधल्या कोणालाही विचारा, तिथे गुडघे आणि कुदळ दोन्ही झिजलेली आहेत.

तुमच्या दुसऱ्या, गोळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर 2 राजेच्या विसाव्या अध्यायात आहे. हिज्कीया मरणाला टेकला, रडून प्रार्थना केली, आणि देवाने यशयाकरवी शब्द दिला : मी तुला बरं करतो, तुझं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवतो. देवाचा शब्द मिळाला, आता आणखी काय हवं? पण लगेच पुढच्याच ओवीत यशया सांगतो, अंजिरांचा लेप आणा. तो गळवावर बांधला आणि राजा बरा झाला. त्या काळचं औषधच ते. ज्या संदेष्ट्याने बरं होण्याचं वचन आणलं त्यानेच लेपही लावायला लावला. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी या लेपाच्या रांगेत बसते.

तिथे काय होईल ते थोडं सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. मी डॉक्टर नाही, पण एवढं माहीत आहे की तुमच्या वयात थायरॉईड, रक्त कमी असणं किंवा पाळी जाण्याच्या दिवसांतले बदल यांनीही धडधड होते, घाम येतो, मध्यरात्री जाग येते. त्यामुळे डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतील, आणि तुम्हीही पाळीबद्दल मोकळेपणाने सांगा. मग काही बोलतील, विचारतील. गोळ्या दिल्याच, तर चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनानेच बंदही करू नका. त्या कमी करायच्या तर डॉक्टरच हळूहळू करतात. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी मात्र चिठ्ठीशिवाय आणू नका. शेजारणीची उरलेली तर नकोच. सवय लागते ती अशा गोळ्यांची. पैशाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी असते. आधी नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, मोफत, रात्रीसुद्धा, मराठीत बोलता येतं. आणि हे मी प्रत्येकीला लिहिते, तुम्हालाही लिहिते : जगणं नको असा विचार मनात येत असेल, एकदा जरी आला असेल, तर आठवड्याची वाट बघू नका. त्याच दिवशी घरातल्यांना सांगा, त्याच रात्री तो नंबर फिरवा.

उपवास-प्रार्थनेचा आग्रह होईल, माझा अंदाज आहे. सध्या नको. झोप नाही, पोटात नुसता चहा, आणि वर धडधड, यात उपवासाने भर पडेल. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला झोपू दिलं, उठवून भाकर खाऊ घातली, पुन्हा झोपू दिलं. संध्याकाळनंतरचा चहा बंद करा. तीनला जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून दुसऱ्या खोलीत बसा. मोबाइल नको. एखादं पाठ असलेलं गीत उपासना संगीतातलं हळू म्हणा, किंवा नुसतं बसा. झोप आली की परत.

मिस्टरांचा अबोला मला हप्त्याइतकाच खटकला. ज्या माणसाची नोकरी जाते तो बहुतेक वेळा लाजेने गप्प होतो. तुम्ही दोघं एकाच घरात दोन टोकांनी खोदताय आणि एकमेकांची हाक ऐकू येत नाहीये. त्यांना सांगा, मला डॉक्टरकडे एकटीला जायचं नाही, तुम्ही चला. ‘तुम्ही बोलत का नाही’ यापेक्षा हे वाक्य लवकर काम करतं. बँकेत दोघांनी मिळून जा, आणि हप्ता थकण्याआधी जा. नोकरी गेल्याचं पत्र दाखवून मुदत वाढवून मागता येते, हप्ता लहान करून मागता येतो. बँक दर वेळी देतेच असं नाही, पण न थकलेल्या माणसाचं ऐकलं जातं. हा हप्ता भरायला बचत गटाचं किंवा फायनान्सवाल्याचं दुसरं कर्ज काढू नका, कोणी कितीही गोड बोललं तरी. कॉलेजला फी टप्प्याटप्प्याने भरू देण्याबद्दल मुलीनेच अर्ज करावा. ती दुसऱ्या वर्षाला आहे, उद्याची नर्स आहे, तिच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. बारावीच्या मुलाला तेवढं परीक्षा होईपर्यंत यातून बाजूला ठेवा.

आता मंडळी. आपल्याकडे साक्ष नेहमी संकट संपल्यावर दिली जाते, हे तुमच्या लक्षात आलंय का? नोकरी लागली, गाठ विरघळली, व्हिसा मिळाला, मग उभं राहून हालेलुया. ज्याचं अजून चालू आहे त्याला उभं राहायला जागाच नसते. त्यामुळे बाकावर बसलेल्या प्रत्येकीला वाटतं की रात्री जागणारी मी एकटीच. तुम्ही एकट्या नाही, हे माझ्याकडे येणाऱ्या पत्रांवरून सांगते. पाळकसाहेबांना किंवा पाळकीणबाईंना घरी जाऊन भेटा आणि ‘प्रभूची कृपा आहे’ याच्या पुढचं सांगा. मंडळीच्या मदतनिधीतून पोरीच्या फीसाठी काही होईल का, हेही विचारा. विचारायला लाज वाटेल. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या चौथ्या अध्यायाची चौदावी ओवी उघडून न्या.

मी तुम्हाला एक सांगणार नाही : की एवढं केलंत म्हणजे मिस्टरांना नोकरी लागेलच. यरुशलेम वाचली, पण त्याच स्वारीत यहूदातलंच लाखीश नगर पडलं. तिथून हाकलून नेलेल्या बायापोरांची चित्रं सन्हेरीबाने आपल्या राजवाड्यात दगडावर कोरून घेतली होती, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यहूदाची 46 तटबंदीची नगरं घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, अशी फुशारकीही त्याने लिहून ठेवली आहे. लाखीशमध्ये कोणी प्रार्थना केली नसेल असं मला वाटत नाही. यरुशलेम का आणि लाखीश का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्या उपदेशकाकडे ते तयार असतं त्याच्यापासून मी चार हात लांब असते. हिज्कीयाने पत्र पसरलं तेव्हा शेवट काय होणार हे त्यालाही माहीत नव्हतं. कोणापुढे पसरायचं, तेवढं माहीत होतं.

राहिल्या त्या ज्येष्ठ भगिनी. त्यांच्यावर राग धरू नका. बहुतेक त्यांनाही कोणीतरी कधी असंच गप्प केलेलं असणार. महिला संघात जाणं सोडू नका. पुढच्या वेळी प्रार्थनेचे विषय विचारले की एवढंच सांगा : ‘मला झोप लागत नाही, मी बुधवारी डॉक्टरांकडे जाणार आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा.’ आणि मीटिंग संपल्यावर जी बाई चपला घालता घालता हळूच तुमच्याजवळ येईल आणि ‘मलाही’ म्हणेल, तिचा फोन नंबर घेऊन ठेवा.